खूण जुळली म्हणजे टायमिंग जुळले असे नाही

कापडाच्या प्रत्येक गादीवर एक छोटीशी वस्तू हमखास असते. धागे मोजायची काच. व्यापारी ती कापडावर ठेवतो, सुईच्या टोकाने एका इंचातले धागे मोजतो आणि मगच भाव बोलतो. माल देणारा कितीही ओळखीचा असो, तो साठ पिक म्हणाला म्हणून कोणी साठचे पैसे देत नाही. मोजल्यावर अठ्ठावन्न निघाले तर अठ्ठावन्नचाच भाव होतो. यात कोणाला राग येत नाही, कोणाचा अपमान होत नाही. बाजाराचा दस्तूरच तसा आहे.

हाच व्यापारी आपली गाडी गॅरेजमध्ये देतो तेव्हा मात्र ही काच गादीवरच ठेवून जातो. "सेठ, टायमिंग बरोबर बसवले आहे" असे मिस्त्री म्हणाला की आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. मोजले का, कशाने मोजले, किती आले, हे आपण विचारत नाही. विचारले तरी समोरच्याकडे सांगायला आकडा नसतो. या सवयीचा फटका मला स्वतःला बसला आहे. तो अनुभव आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी मेकॅनिक नाही. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी बाजारात शिकलो आणि यंत्राची जी काही समज आहे ती लूमच्या कारखान्यात उभे राहून आली. जाणकारांना लेखात काही उणे दिसले तर त्यांनी जरूर सुधारावे.

पुतण्याची गाडी

माझ्या पुतण्याने जुनी, कार्ब्युरेटरची मारुती ८०० घेतली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातली पहिली गाडी हीच. १९८३ च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन बंद झाले. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे छोटे इंजिन. पुतण्याला ते जोरदार करायचे होते. एका गॅरेजवाल्याने सिलिंडर बोअर केले, हेड फेस केले, जास्त उचल देणारा नवा घासलेला कॅम बसवला आणि कार्ब्युरेटरचे जेट बदलले. बिल सव्वीस हजारांचे झाले. बिलात पार्ट्सची यादी लांबलचक होती. मजुरीपुढे एकच शब्द होता : "फिटिंग".

गाडी सुरू झाली तेव्हा आवाज झकास होता. मोकळ्या रस्त्यावर इंजिन ओरडेपर्यंत पळवले तर पळतही होती. पण भिवंडीहून कापडाचे नमुने घेऊन आम्ही दोघे मालेगावला निघालो आणि कसारा घाटात तिची खरी ओळख पटली. आधी जी गाडी तिसऱ्या गिअरवर चढत असे, ती दुसऱ्या गिअरवर धापा टाकू लागली. मागून मालाने भरलेले ट्रक हॉर्न वाजवत होते. पुतण्या गप्प होता आणि मी मनात सव्वीस हजारांचा हिशोब करीत होतो.

गॅरेजवाला पहिल्यांदा म्हणाला, कार्ब्युरेटर. मग म्हणाला, क्लच. मग म्हणाला, करंट कमी जातो. प्रत्येक वेळी नवा पार्ट आला आणि नवे बिल आले. टायमिंगचा विषय मी काढला तेव्हा त्याने कव्हर उघडून दाखवले. कॅमच्या पुलीवरची खूण वरच्या खुणेसमोर होती, क्रँकच्या पुलीवरची खूण तिच्या खुणेसमोर होती. "बघा सेठ, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असे तो म्हणाला. मलाही ते पटले. खुणा समोरासमोर होत्या, मग आणखी काय बघायचे?

पण बिघाड नेमका त्या खुणांच्या आडच होता.

लूमवाल्याला समजेल असे

टायमिंग म्हणजे काय हे लूम चालवणाऱ्याला समजावणे सोपे आहे. आपल्या साध्या पॉवरलूममध्ये वर क्रँक शाफ्ट असतो आणि खाली टापेटचा शाफ्ट. साध्या विणीत क्रँक दोनदा फिरला की खालचा शाफ्ट एकदा फिरतो. क्रँक फणीला पुढे-मागे नेतो. खालच्या शाफ्टवरचे टापेट वहया वर-खाली करून ताण्यात वाट उघडतात, आणि त्याच शाफ्टवरून धोट्याला धक्का मिळतो. वाट उघडायच्या आत धोटा निघाला तर ताणा तुटतो. वाट मिटू लागल्यावर निघाला तर धोटा मध्येच अडकतो. टापेट चांगले, धोटा चांगला, सूत चांगले, पण वेळ चुकली तर कापड खराब. म्हणूनच चांगल्या जॉबरला कारखान्यात मान असतो.

मोटारीच्या इंजिनातही हाच हिशोब आहे. क्रँक पिस्टनला वर-खाली नेतो. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात. दोघांना जोडणारा पट्टा किंवा चेन एवढेच पाहते की कॅमने आपले काम पिस्टनच्या ठरलेल्या जागी करावे.

आता वेळ चुकली तर काय होते ते पाहू. पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचल्यानंतरही थोडा वेळ उघडा असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो आणि पिस्टन वर निघाला तरी ती आत घुसत राहते. पण इंजिन सावकाश फिरत असेल, जसे घाटात फिरते, तर त्या हवेत तेवढा जोर नसतो. कॅम उशिरा चालत असेल तर व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आणि वर निघालेला पिस्टन आत आलेले मिश्रण परत बाहेर ढकलतो. दाबायला उरते थोडेच. जेवढे दाबले तेवढेच जळणार आणि जेवढे जळले तेवढाच जोर मिळणार. म्हणून उशिराचा कॅम सपाट रस्त्यावर पळतो आणि चढावर मान टाकतो. कॅम थोडा लवकर केला तर उलट होते. खालचा जोर वाढतो, वरचा थोडा कमी होतो.

खूण खोटी का पडते?

कंपनीने खुणा केल्या त्या कंपनीच्या कॅमसाठी, कंपनीच्या हेडसाठी. इंजिन जसे आले तसेच असेल तर त्या खुणा पुरेशा आहेत. त्यात बदल केला की त्या खुणांचा भरवसा कमी होतो. याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण हेडचे फेसिंग. पट्ट्यावर चालणाऱ्या अशा इंजिनात कॅम हेडवर बसतो. हेड घासून पातळ केले की कॅम क्रँकच्या जवळ येतो. पट्ट्याची लांबी तीच राहते. सैल बाजूचा ढिलेपणा टेन्शनर ओढून घेतो, पण ओढीच्या बाजूला जास्त झालेला पट्टा कॅमच्या पुलीला मागे फिरवतो. म्हणजे कॅम उशिरा होतो. हिशोबासाठी समजा पुलीला ४० दात आहेत आणि दोन दातांमध्ये ८ मि.मी. अंतर आहे. पुलीचा घेर झाला ३२० मि.मी. हेड १ मि.मी. कमी झाले तर पुली एक अंशाहून थोडी जास्त मागे जाते आणि क्रँकच्या हिशोबात सव्वादोन अंश. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? एकट्या या कारणाने फार होत नाही. पण जुन्या गाडीचे हेड एकदाच फेस झालेले नसते. आधीच्या मालकाने किती घासले होते हे कोणत्याच कागदावर नसते.

दुसरे कारण कॅम स्वतः. बाजारात मिळणारे बरेच कॅम जुन्या कॅमवर नवा आकार घासून केलेले असतात. घासताना उंचवटे पिनेच्या भोकाच्या मानाने काही अंश पुढे-मागे झाले तर डोळ्याला ते दिसत नाही. पिन बरोबर बसते, पुली बरोबर बसते, खूण बरोबर जुळते, आणि आत व्हॉल्व्ह मात्र चुकीच्या वेळी उघडतो.

तिसरे कारण झीज. चेनवर चालणाऱ्या इंजिनात चेन झिजून लांबते आणि तीही कॅमला उशिरा करते. तिन्ही कारणे एकत्र आली तर सगळा उशीर एकाच खात्यात जमा होतो.

काही मिस्त्री यावर सरळ एक दात सरकवतात. वर धरलेल्या ४० दातांच्या पुलीत एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. दोन मीटर कापड कमी पडले म्हणून पूर्ण ठाण फाडण्यासारखे हे आहे. उशीर १३ अंशांचा असेल आणि आपण १८ अंश पुढे गेलो, तर ५ अंशांची चूक उरतेच, फक्त उलट्या बाजूला.

उस्तादांची चकती

शेवटी एका नातेवाइकाने नाशिकच्या एका उस्तादांचे नाव सुचवले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, आधी लेथवर काम केलेले, आता निवडक इंजिने बांधतात. त्यांनी गाडी चालवून पाहिली नाही. विचारले फक्त एवढेच, "कॅमचा कागद आहे का?" पुतण्याने डिकीतून कागद काढला. त्यावर लिहिले होते, इनटेक व्हॉल्व्हची पूर्ण उचल टॉपनंतर १०८ अंशांवर. उस्ताद म्हणाले, "मग १०८ आहे का ते बघू. बाकी बोलणे नंतर."

त्यांनी क्रँकच्या पुलीवर ३६० अंशांची चकती बसवली आणि तारेचा काटा केला. पहिले काम होते पिस्टनचा खरा टॉप शोधणे. टॉपजवळ क्रँक थोडा फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा वाटत नाही, म्हणून नुसत्या डोळ्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून टॉप सापडत नाही. त्यांनी प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा बोल्ट लावला. क्रँक हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवला, तेव्हा काटा टॉपपासून ३२ अंशांवर थांबला. उलट बाजूने फिरवला तर ३६ वर थांबला. दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. म्हणजे पुलीवरची टॉपची खूणच २ अंशांनी चुकीची. काटा वाकवून दोन्हीकडे ३४ आणले. हा झाला खरा टॉप.

मग बोल्ट काढला आणि पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या टोपीवर डायल गेजची सुई टेकवली. पूर्ण उचल नेमकी कुठे आहे हेही डोळ्याने कळत नाही, कारण माथ्यावर व्हॉल्व्ह क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. म्हणून त्यांनी माथ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे दोन आकडे घेतले. माथ्याच्या सव्वा मि.मी. आधी चकतीवर ८९ आले. माथ्याच्या सव्वा मि.मी. नंतर १५३. दोन्हींची बेरीज २४२, अर्धे केले की १२१. यायला हवे होते १०८. कॅम १३ अंश उशिरा चालत होता, आणि खुणा समोरासमोर होत्या!

उस्तादांनी हेच तीनदा मोजले. दर वेळी क्रँक चालत्या दिशेनेच फिरवत आकड्यापर्यंत आणला. पुढे गेला तर थोडे मागे न घेता बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे आणला, म्हणजे पट्ट्याचा ढिलेपणा आकड्यात येत नाही. तिन्ही वेळा १२१ च आले. नंतर हेडची जाडी मोजली. मूळ मापापेक्षा १.२ मि.मी. कमी. त्याचे पावणेतीन अंश झाले, उरलेले दहा-सव्वादहा अंश कॅमच्या घासणीतले. कोणाचा दोष किती, याचा फैसला आकड्यांनीच केला. वाद घालायला जागा उरली नाही.

दुरुस्ती आणि त्यातले धोके

दुरुस्तीला नवा कॅम लागला नाही. त्यांनी लांबट भोकांची पुली लावली. तिचा दातांचा भाग आणि मधला भाग वेगळे असतात आणि बोल्ट सैल करून थोडे-थोडे सरकवता येतात. क्रँकचे १३ अंश हवे होते, म्हणून कॅम साडेसहा अंश पुढे घेतला. हा अर्धा-दुप्पट हिशोब चुकला तर सगळेच चुकते. बोल्ट आवळून पुन्हा मोजले. ७६ आणि १४०. अर्धे १०८.

कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. हेड घासलेले, कॅमची उचल जास्त, त्यात हे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळले तर इंजिन गेले. म्हणून त्यांनी हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचा थर दिला, हेड पुन्हा लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि मातीत उमटलेल्या ठशाची जाडी मोजली. इनटेककडे सुमारे २ मि.मी. आणि एक्झॉस्टकडे अडीच मि.मी. जागा राहावी असा सर्वसाधारण नियम आहे. इथे तेवढी होती. फिरवताना कुठे अडले तर जोर लावायचा नाही, थांबायचे, एवढे त्यांनी पुतण्याला बजावून सांगितले.

एक शेवटची गोष्ट. या गाडीत डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकाला बसतो. कॅम १३ अंश पुढे गेला म्हणजे स्पार्कही तेवढाच लवकर पडणार. तसेच सोडले असते तर चढावर इंजिन खटखटले असते आणि पिस्टनला इजा झाली असती. म्हणून स्पार्कची वेळ लाइट लावून पुन्हा बसवली. ज्या मिस्त्रीला कॅमचे आणि स्पार्कचे टायमिंग वेगळे आहे हे ठाऊक नाही, तो एक चूक काढताना दुसरी घालतो.

पुढच्या फेरीला आम्ही कसारा घाट तिसऱ्या गिअरवर चढलो. नवा पार्ट म्हणावा तर एक पुली. बाकी सगळे सामान तेच होते. बदलली ती वेळ.

पैशांची गोष्ट

आता माझी स्वतःची चूक सांगतो. उस्तादांनी पुलीचे पैसे वेगळे लावून मोजणीचे आणि बसवणीचे अडीच हजार मागितले. मी सवयीने म्हणालो, "उस्ताद, फक्त मोजायचे एवढे?" ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "सेठ, ज्याने मोजले नाही त्याला तुम्ही सव्वीस हजार दिलेत." मी घासाघीस न करता पैसे दिले. तेव्हापासून हे वाक्य मनातून जात नाही.

आपण ग्राहक म्हणून कारागिराला काय शिकवतो? पार्टची पावती असली की मुकाट्याने पैसे देतो आणि डोक्याच्या कामाचे पैसे कापतो. मग मिस्त्री पार्ट बदलायलाच शिकतो. मोजणीला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे कोणी देत नसेल तर तो खूण जुळवून मोकळा होईल, यात नवल काय? कमी पिकाचे कापड विणले जाते तेव्हा दोष एकट्या विणकराचा नसतो. काच न लावता घेणाऱ्याचाही असतो.

कारागीर बांधवांनाही एक विनंती. तुमच्या कानाची आणि हाताची मला कदर आहे. इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. पण काही तरी बिघडले एवढेच कान सांगतो, ते किती अंशांनी बिघडले हे सांगत नाही. डायल गेज, त्याचा चुंबकी स्टँड आणि अंशांची चकती, एवढेच सामान लागते. चकती तर कागदावर छापून पत्र्यावर चिकटवली तरी चालते. शागिर्दाला पहिल्या वर्षी पाने धुवायला लावता, तसेच टॉप शोधायला आणि दोन आकडे घेऊन अर्धे करायला लावा. चौथीच्या मुलाला येईल एवढेच गणित आहे. लागतो तो धीर.

हे काम लहान नाही

कोणाला वाटेल, छोट्या गाडीच्या इंजिनाला एवढे लाड कशाला? छोट्या इंजिनांनी मोठी कामे केली आहेत. इंग्लंडची मिनी १९५९ साली आली ती ८४८ सीसीच्या इंजिनावर. त्या इंजिनाचे घराणे १९५१ पासूनचे. १९६१ मध्ये मिनी कूपर आली आणि मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोंटे कार्लोची रॅली जिंकली. त्या इंजिनात कॅम चेनवर चालतो, आणि तो काही अंश पुढे-मागे करायला तिथले कारागीर थोडी तिरकी कापलेली चावी वापरतात. चावीच्या एवढ्याशा तुकड्यावर इंजिनाचा स्वभाव बदलतो.

आपल्या देशातले उदाहरण तर कापडाच्या दुनियेतलेच आहे. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन हे कापड-यंत्रे बनवणाऱ्या घराण्यातले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुती ८०० चे हेच इंजिन घेऊन एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्यांना फॉर्म्युला मारुती म्हणत. कमी खर्चात तरुणांना शर्यत शिकता यावी ही त्यामागची दृष्टी. नारायण कार्तिकेयन अशाच गाडीतून शर्यतीत उतरले आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावणारे पहिले भारतीय ठरले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकला त्यांचेच नाव आहे. सूतकताईची यंत्रे बनवणाऱ्या घरातून हे काम उभे राहिले याचे मला आश्चर्य वाटत नाही. धाग्याच्या धंद्यात ज्याला बारीक मापाची सवय लागली, त्याला इंजिनाचे माप परके नाही.

दोन सूचना आणि एक इशारा

कोणी मिस्त्री या लेखाचा आधार घेऊन प्रत्येक गाडीवर मोजणीचे पैसे लावू लागला तर तेही बरोबर नाही. कंपनीचा कॅम, न घासलेले हेड आणि वेळेवर बदललेला पट्टा असेल तर खुणा जुळवणे पुरेसे आहे. चकती लावायची ती कॅम बदलला असेल, हेड फेस केले असेल किंवा इंजिनाचा मागचा इतिहास ठाऊक नसेल तेव्हा.

इंजिनाच्या अशा कामाच्या बिलावर पाच ओळी लिहून घ्याव्यात, ही माझी पहिली सूचना. पूर्ण उचल किती अंशांवर मोजली, कॅमच्या कागदावर किती आहे, हेड आजवर एकूण किती घासले, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती जागा आहे, आणि स्पार्क किती अंशांवर बसवला. पुढच्या मिस्त्रीला हा कागद सोन्यासारखा आहे. दुसरी सूचना अशी की काम देण्याआधीच मोजणीची मजुरी वेगळी ठरवावी. काम झाल्यावर घासाघीस केली तर पुढच्या वेळी मोजणी मिळणार नाही, फक्त "मोजले" असे ऐकायला मिळेल.

आणि इशारा तरुणांसाठी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत आपल्या मर्जीने करता येत नाही. जास्त उचलीच्या कॅमने कमी वेगात धूरही जास्त जळका होऊ शकतो आणि पीयूसीला अडचण येते. काय चालते हे आरटीओत आधी विचारावे. शर्यतीची हौस शर्यतीच्या ट्रॅकवर भागवावी, बाजाराच्या रस्त्यावर नव्हे.

पुतण्या परवा म्हणाला, "चाचा, आता नव्या गाड्यांत कॅमची वेळ संगणक स्वतः पुढे-मागे करतो, आणि विजेच्या गाडीत तर कॅमच नसतो. ही चकती किती दिवस चालणार?" त्याचे म्हणणे खरे आहे. पण नव्या गाडीतला संगणकही तेच करतो, क्रँक कुठे आहे आणि कॅम कुठे आहे हे सतत मोजत राहतो. तो खुणेवर विसंबत नाही. विजेच्या गाडीच्या बॅटरीतही कोणी तरी मोजूनच सांगणार की कोणता सेल उतरला आहे. अवजार बदलेल, आकडा मागणारे ग्राहक आणि आकडा देणारे कारागीर तेव्हाही लागतील.

माझ्या गादीवर धागे मोजायची काच आजही आहे. शेजारी आता एक कागद ठेवला आहे, उस्तादांच्या हातचा : १२१ होते, १०८ केले. माल घ्यायला येणारा कोणी विचारतो, हे कोणत्या कापडाचे पिक? मी सांगतो, कापडाचे नाही, गाडीचे आहे. पण मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम दोन्हीकडे एकच.